पावसाने ओढ दिली की मुगाच्या पानात काय घडतं?

आपल्या सटाणा परिसरात विहिरीचं पाणी आधी कांद्याला आणि डाळिंबाला जातं. मूग, मटकी, तूर ही पिकं पावसाच्या भरवशावर. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने ओढ दिली की दुपारी मूग मान टाकतो, आणि एक चांगली सर आली की दुसऱ्या दिवशी ताठ उभा राहतो. आपण म्हणतो, "पीक सावरलं." खरंच सावरलं का, ते आज पाहू.

पानावर सूक्ष्म छिद्रं असतात, ती पर्णरंध्रे. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. हा सौदा महागाचा आहे : कार्बन डायऑक्साइडच्या एका रेणूमागे पाण्याचे काही शे रेणू उडून जातात. माती कोरडी पडू लागली की झाडात अॅब्सिसिक आम्ल वाढतं आणि रंध्रे मिटतात. पाणी वाचतं, पण कच्चा माल बंद होतो. ऊन मात्र थांबत नाही. पानाने शोषलेली प्रकाशऊर्जा वापराविना उरते, तिच्यापासून ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात आणि ती हरितद्रव्याला व पेशींच्या पटलांना इजा करतात.

यावर कडधान्यांकडे एक युक्ती आहे. पर्णिकेच्या देठाशी छोटी फुगीर गादी असते. तिच्यातलं पाणी कमी-जास्त करून पान आपली कड सूर्याकडे करतं, म्हणजे ऊन कमी लागतं. म्हणून दुपारी वळलेलं प्रत्येक पान सुकलेलं समजू नका. ते स्वतःला वाचवत असू शकतं! शेजारची बाजरी सी-४ गटातली. रंध्रे अर्धवट मिटूनही तिचं काम बऱ्यापैकी चालतं. सी-३ गटातल्या मुगाला ती सोय नाही.

आता मातीखाली चला. मुळांच्या गाठींतले रायझोबियम जिवाणू हवेतलं नत्र पकडतात, पण त्यांना साखर पानांकडून हवी असते. सोयाबीनसारख्या पिकात तर नत्राचं काम प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी मंदावतं. पाऊस पडल्यावर ताण हलका असेल तर रंध्रे एक-दोन दिवसांत उघडतात, प्रकाशसंश्लेषण काही दिवसांत पूर्ववत होतं. गाठींना जास्त वेळ लागतो. मेलेली गाठ तर परत जिवंत होत नाही. गळलेलं फूलही परत लागत नाही. तूर लांब मुदतीची, ती पुन्हा फुलोरा धरू शकते. मूग साधारण 60 ते 70 दिवसांत संपतो, त्याला उसंत कुठली?

रब्बीचा हरभरा जमिनीतल्या ओलीवर वाढतो. एकच पाणी देता येणार असेल तर ते फुलोरा सुरू होताना द्यावं. पान पिवळं पडेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. मात्र भारी जमिनीत हात सैल सोडू नका, जास्त पाण्याने हरभरा उभळतो.

करून पाहा : पावसाच्या खंडात पहाटे शेतात जा. दुपारी मलूल झालेलं रोप पहाटे ताठ दिसलं तर ताण तात्पुरता आहे. पहाटेही मान खाली असेल तर पाण्याची निकड आहे. मग एक रोप मुळासकट हळूच उपटा, गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा राखाडी असेल तर थांबलं आहे. पाऊस झाल्यावर तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी हेच पुन्हा करा, आणि रंग वहीत लिहून ठेवा.