कर्ज काढून घर घेताना : गहाण, हक्क आणि जबाबदारी

१९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महानगरपालिका क्षेत्रातील ६५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला. या इमारतींसाठी महानगरपालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार करण्यात आल्या होत्या आणि त्यांच्या आधारे महारेराकडून प्रकल्प नोंदणीही मिळविण्यात आली होती. तेथे सदनिका घेणाऱ्या अनेक कुटुंबांनी रीतसर गृहकर्ज घेतले होते आणि ते नियमितपणे हप्ते भरीत होते. कागद हाती होते, कर्ज मंजूर झाले होते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ती इमारत उभीच नव्हती. कर्ज काढून घर घेणाऱ्या प्रत्येकाने या प्रकरणातून एक गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. ती अशी, की कर्जमंजुरी हा मालकीहक्काचा वा बांधकामाच्या वैधतेचा दाखला नव्हे.

ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होण्यास येथील नागरीकरणाचा इतिहास कारणीभूत आहे. ठाणे महानगरपालिका १९८२ साली व कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली स्थापन झाली. भोवतालची अनेक गावे शहरांत आली. कल्याण परिसरातील २७ गावे तर २००२ साली वगळली जाऊन २०१५ साली पुन्हा महानगरपालिकेत समाविष्ट झाली. त्यामुळे एखाद्या इमारतीला परवानगी देण्याचा अधिकार त्या तारखेस नेमक्या कोणत्या प्राधिकरणास होता, हाच पहिला प्रश्न ठरतो.

बँकेने कागद तपासले म्हणजे पुरेसे आहे काय?

पुरेसे नाही. बँकेचा वकील जो शोध अहवाल देतो तो बँकेच्या उपयोगासाठी असतो आणि त्याच्यासमोर ठेवलेल्या कागदांवर आधारलेला असतो. खरेदीदाराने स्वतःचा वकील नेमून सातबारा उतारा अथवा मिळकत पत्रिका, फेरफार नोंदी आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील सूची क्रमांक २ यांचा शोध घेणे हिताचे असते. हा शोध सामान्यतः मागील ३० वर्षांचा घेतला जातो. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत विकासकाकडून घेऊन थांबू नये. तिचा क्रमांक व दिनांक महानगरपालिकेच्या नगररचना विभागाच्या नोंदींशी ताडून पाहावा. इमारत पूर्ण झालेली असल्यास भोगवटा प्रमाणपत्राचीही अशीच पडताळणी करावी.

महारेराची नोंदणी ही महत्त्वाची कसोटी आहे, परंतु ती एकमेव कसोटी नव्हे. डोंबिवलीतील प्रकार उघडकीस आल्यानंतर प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून करून घेण्याची व्यवस्था सुरू झाली. तथापि, जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर अशा प्रकल्पास नोंदणीची सक्ती नाही. लहान इमारतीत घर घेणाऱ्याने म्हणून अधिकच दक्ष राहावे. घरपट्टीची पावती किंवा वीजदेयक यांवरून बांधकाम अधिकृत ठरत नाही. अनधिकृत इमारतीवरही कर आकारला जातो आणि तो भरल्याने ती नियमित होत नाही.

गहाण म्हणजे नेमके काय?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५८ मध्ये गहाणाचे प्रकार सांगितले आहेत. गृहकर्जात बहुधा मूळ हक्कलेख बँकेच्या स्वाधीन करून गहाण निर्माण केले जाते. महाराष्ट्रात अशा गहाणाची सूचना ३० दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाकडे दाखल करणे कर्जदारावर बंधनकारक आहे. या नोंदीमुळे त्या मिळकतीवर बोजा आहे हे पुढील खरेदीदारास समजू शकते. घर गहाण ठेवले तरी मालकी कर्जदाराचीच राहते. कर्ज फेडून मिळकत मोकळी करून घेण्याचा हक्क कलम ६० ने त्यास दिलेला आहे.

पैसे केव्हा द्यावेत?

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १३ नुसार विक्री करारनामा नोंदविल्याशिवाय विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. बँक कर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे देते. टप्पा प्रत्यक्ष पूर्ण झाला आहे किंवा नाही, हे खरेदीदारानेही पाहावे. कारण दिलेल्या प्रत्येक रुपयावरील व्याज त्याच्याच खात्यावर चढते.

घरावर आधीचा बोजा असल्यास?

विकासकाने प्रकल्पासाठी जमीन गहाण ठेवून कर्ज घेणे ही नित्याची बाब आहे. अशा वेळी त्या वित्तसंस्थेचे त्या विशिष्ट सदनिकेबाबतचे लेखी ना-हरकत प्रमाणपत्र मागावे. करारनामा झाल्यानंतर विकासकाने ती सदनिका गहाण ठेवल्यास, उपरोक्त अधिनियमाच्या कलम ११ नुसार खरेदीदाराच्या हक्कास बाध येत नाही.

जुनी सदनिका घेताना आधीच्या सर्व मालकांच्या मूळ करारनाम्यांची साखळी, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र आणि संस्थेचा थकबाकी नसल्याचा दाखला पाहावा. विक्रेत्याचे कर्ज बाकी असल्यास त्याच्या बँकेकडून बाकी रकमेचे व ताब्यातील कागदांचे पत्र घ्यावे आणि तेवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यातच भरावी.

हप्ते थकल्यास?

हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकल्यास कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी अधिनियमाखाली बँक ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर द्यावे लागते. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली, तर कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत दाद मागता येते. नोटीस न स्वीकारणे हा उपाय नव्हे. त्यात केवळ मुदत निघून जाते. घरातील कमावत्या व्यक्तीचे आजारपण किंवा नोकरी सुटणे अशा प्रसंगी पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेस लेखी कळविणे श्रेयस्कर.

इमारतच पाडली गेली तर?

हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. गहाण हे कर्जाचे तारण असते. तारण नष्ट झाल्याने कर्ज नष्ट होत नाही. कर्जदाराने परतफेडीचे वैयक्तिक वचन दिलेले असते आणि तारण नष्ट वा अपुरे झाल्यास बँक अधिक तारण मागू शकते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ६८ याविषयी आहे. अर्थात, घर गेले तरी हप्ते थांबत नाहीत. जमिनीच्या सदोष मालकीहक्कामुळे नुकसान झाल्यास २०१६ च्या अधिनियमाच्या कलम १८ नुसार विकासकाकडून भरपाई मागता येते आणि त्या मागणीस मुदतीची आडकाठी नाही. परंतु विकासक सापडणे व त्याच्याकडून वसुली होणे ही वेगळीच बाब असते. म्हणूनच नंतरच्या दाव्यापेक्षा आधीची चौकशी मोलाची ठरते.

कर्ज फिटल्यानंतर

रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या निर्देशानुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे वित्तसंस्थेवर बंधनकारक आहे. तिच्या चुकीने विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई देय होते. कागद परत घेताना सूचीप्रमाणे मोजून घ्यावेत आणि नोंदणीतील बोजा कमी झाल्याची खात्री करावी.

गावात व मोहल्ल्यात घर घेऊ पाहणारा मनुष्य वकिलाकडे जाण्यापूर्वी बहुधा शिक्षकांकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायत सदस्याकडे सल्ला विचारतो. बयाणा देण्यापूर्वी परवानगीचा क्रमांक नगररचना विभागात पडताळून पाहण्याचा सल्ला त्यांनी दिला, तरी एखाद्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई वाचू शकेल.