अस्तराचा कोट : घरच्या शिलाईचा पाठ

शालेय गणवेशांच्या उद्योगासाठी सोलापूर ओळखले जाते. तरीही घरी अस्तराचा कोट शिवण्यास फारसे कोणी धजावत नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना पेहराव बदलण्याचा उपदेश केला. त्यापूर्वीच, ४ जानेवारी १९२५ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले होते. नीटनेटका पोशाख आपल्याकडे निव्वळ हौसेचा विषय कधीच नव्हता.

कोटाचे कापड प्रथम भिजवून, वाळवून इस्त्री करावे. अन्यथा पहिल्या धुण्यात ते आटते आणि अस्तर घेराखालून डोकावते. अस्तराची पाठ दोन-तीन सेंटिमीटर रुंद कापून मध्यभागी उभी चुण ठेवावी. हात पुढे नेताना शिवण उसवत नाही, ती या चुणीमुळेच. पुढच्या भागास व कॉलरला कॅनव्हास हवे. बाहीचा माथा मुंढ्याहून किंचित मोठा असतो. तो धावदोऱ्याने आवळून बसवावा. येथे घाई करणाऱ्याचा खांदा सुरकुततोच! कोट सुलट करण्यासाठी एका बाहीच्या अस्तरात वीतभर शिवण मोकळी ठेवावी व नंतर हातशिलाईने बुजवावी. आतला खिसा मात्र अस्तर जोडण्यापूर्वीच शिवावा, पेन मावेल इतका खोल.