जुनी फायबरची बोट पाण्यात घालण्याआधी

सांगलीत राहून पुराबद्दल कुणी कुणाला सांगायची गरज नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली (धोक्याची पातळी आहे ४५ फूट!) आणि ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटून १७ जणांचा जीव गेला. तिच्यात क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसली होती. पूर्वी आपल्याकडे पुरात गुऱ्हाळाची काहीलसुद्धा होडी म्हणून वापरायचे. आता फायबरच्या बोटी आल्या. पण पूर ओसरला की त्या अंगणात किंवा शेडमागे उलट्या पडतात. अशी बोट घरी दुरुस्त करता येते का? येते, बघा. मात्र 'भोक पडलं, लाव एम-सील' हा प्रकार नको.

फायबर म्हणजे काचेच्या तंतूंची चटई आणि ती घट्ट धरणारे पॉलिएस्टर रेझिन. वर रंगीत जेलकोट असतो. तो पाणी अडवतो. उन्हाने त्याला बारीक तडे गेले की पाणी आत झिरपते. म्हणून पहिले काम ठोकून बघण्याचे. एक रुपयाचे नाणे घ्या आणि सगळ्या बोटीवर वाजवत जा. टणक 'टक' आला तर ठीक. 'थप्प' असा मेलेला आवाज आला तर आतले थर सुटलेत किंवा लाकूड कुजलेय. लाकूड मुख्यतः मागच्या सपाट भिंतीत असते, जिथे इंजिन अडकवतात. तिथे बारीक ड्रिल मारा. ओला काळा भुसा निघाला तर भिंत उघडून प्लायवुड बदलण्याला पर्याय नाही. प्लायवुड मरीन ग्रेडचे, म्हणजे आयएस ७१० छापलेलेच घ्या. फर्निचरवाल्याकडचे उरलेले तुकडे नकोत.

आता भोक. लोक चुकतात ते इथेच. भोकावर नुसते ठिगळ चिकटवले तर कडेला ताण साचतो आणि ठिगळ निघून येते. कडा घासून उताराची करायची, साधारण १:१२. म्हणजे तळ ४ मिमी जाड असेल तर भोकाभोवती ४८ मिमी रुंद उतार. त्यावर चटईचे तुकडे एकावर एक वाढत्या आकाराने बसवायचे. जोडाचे क्षेत्रफळ वाढते आणि ताण पसरतो. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा पेपर इथे उपयोगी पडतो, काय सांगू!

रेझिन घट्ट होण्यासाठी एमईकेपी नावाचा हार्डनर लागतो. वजनाने १ ते २ टक्के, आपल्या उन्हाळ्यात १ टक्का पुरे, म्हणजे १ किलोला १० ग्रॅम. 'लवकर वाळू दे' म्हणून जास्त ओतले तर डबा तापून धूर येतो. कोबाल्ट अॅक्सिलरेटर वेगळा मिळाला तर तो आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग एमईकेपी. ही दोन्ही थेट एकत्र करायची नाहीत, स्फोट होऊ शकतो. डोळ्यांना गॉगल, हातात मोजे, घासताना मास्क. हॉस्टेलच्या रूममध्ये तर हे अजिबात नको (रेक्टर सर वाचत असतील!). काम मार्च ते मे मध्येच उरकावे, कारण ओल्या फायबरवर नवा थर धरत नाही.

पण माझ्या मते खरा प्रश्न भोकाचा नाही, वजनाचा आहे. समजा बोट मुळात १८० किलोची होती. ट्रॅक्टर वजनकाट्यावर न्या, एकदा रिकामा आणि एकदा बोटीसह. फरक २४० किलो निघाला, तर ६० किलो पाणी लाकडात आणि फोममध्ये मुरलेय. म्हणजे एक माणूस आधीच बसलाय, फक्त दिसत नाही! वर 'क्षमता १० माणसे' लिहिलेले असले तरी ती आता ९ माणसांची.

दुसरे, फायबर स्वतः तरंगत नाही. त्याची घनता पाण्याच्या साधारण दीडपट. १८० किलो फायबरचे आकारमान १२० लिटर, म्हणजे पाणी भरले की ६० किलो उचल कमी पडते. इंजिनचे साधारण ४० किलो धरा. म्हणून किमान १०५ लिटर कोरडा, बंद पेशींचा फोम सीटखाली हवा, आणि बाजूला धरून लटकणाऱ्या माणसांसाठी त्याहून बराच जास्त. जुना फोम पिळून पाणी निघाले तर तो फेकून द्या, मोह नको.

शेवटची चाचणी मे महिन्यात, कमरेइतक्या संथ पाण्यात. सोबत पोहणारे दोघेतिघे आणि अंगात लाइफ जॅकेट. इंजिनऐवजी तेवढ्याच वजनाचे लोखंड बांधा आणि बादल्यांनी बोट काठोकाठ भरा. बुडाली, तर परत अंगणात. तरंगली, तर एकेकाने बाजूला लटकून बघा, किती जणांना धरते ते मोजा आणि तो आकडा ऑइलपेंटने बोटीवर मोठा लिहा.