मोहिमेची फील्ड टेस्ट

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव आपल्याकडे आता बहुतेकांच्या कानावरून गेलेलं आहे. पण त्यात नेमकं करतात काय, असं विचारलं तर उत्तर मिळतं, "त्या मुली रात्री हजेरी झाली की फासे टाकतात आणि ओरडतात." म्हणून आधी थोडी ओळख करून देते.

चार-पाच खेळाडू, प्रत्येकीचं एक पात्र आणि एक सूत्रधार. सूत्रधार परिस्थिती सांगते, बाकीच्या आपापलं पात्र काय करणार ते सांगतात, आणि जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. पट लागतोच असं नाही. सोंगट्या नसल्या तर शेंगदाणे चालतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ साली हा खेळ छापून बाजारात आणला. यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. पात्र मेलं तर नवं घ्यायचं आणि पुढे जायचं.

आता ही परिस्थिती आणायची कुठून? जिची कल्पनाशक्ती दांडगी ती स्वतः रचते. बाकीच्यांसाठी छापील पुस्तकं असतात, आणि ती दोन जातींची. एक पुरवणी, म्हणजे नवे नियम, नवी पात्रं, नवे जीवजंतू. दुसरी मोहीम, म्हणजे नकाशा, खोल्या, माणसं आणि संकटं असलेला तयार मामला. १९७५ सालची 'ग्रेहॉक' ही पहिली पुरवणी. चोर हे पात्र खेळात तिच्यातून आलं. त्याच वर्षीच्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत 'टेंपल ऑफ द फ्रॉग' नावाची मोहीम होती. छापून आलेली पहिली मोहीम म्हणून तिचं नाव घेतात. तेव्हापासून अशा पुस्तकांचा पूर आला आहे, आणि त्यांची परीक्षणं पुष्कळदा नुसती वाचून लिहिलेली असतात. चित्रं सुंदर, कागद गुळगुळीत, कथानक थरारक, घ्या विकत! हे म्हणजे शोरूममध्ये रंग बघून पॉवर टिलर चिखलणीला कसा चालेल ते सांगण्यासारखं झालं.

फार्म मशिनरी शिकलेल्या प्रत्येकाला थिअरेटिकल आणि इफेक्टिव्ह फील्ड कपॅसिटी पाठ असते, निदान व्हायव्हापुरती तरी. यंत्राची रुंदी गुणिले वेग, ही झाली कागदावरची क्षमता. शेतात बांधाशी वळायला वेळ जातो, पात्यात गवत अडकतं, डिझेल भरायला थांबावं लागतं. प्रत्यक्ष क्षमतेला कागदावरच्या क्षमतेने भागलं की फील्ड एफिशियन्सी मिळते. मोहिमेचंही अगदी तसंच आहे. सूत्रधार पानं उलटत बसते तो, आणि खेळाडू "आता काय करायचं?" म्हणून एकमेकींची तोंडं बघतात तोसुद्धा, सगळा वळणाचा वेळ. आमच्याकडे नऊची हजेरी ते साडेअकरा एवढाच वेळ असतो. त्यात चार प्रसंग होतात, मोठी लढाई असेल तर तीनच. जाड पुस्तकाची किंमत हजारांत जाते आणि ती वर्गणीतून भरायची असते. तेव्हा तपासणी आधी झालेली बरी.

माझ्या मते सगळ्यात मोठी तपासणी भाषेची, आणि ती मी कुठल्या परीक्षणात वाचलेली नाही. बहुतेक मोहिमांत खोलीगणिक चौकटीतला मजकूर असतो, सूत्रधाराने मोठ्याने वाचून दाखवायचा. आमच्या टेबलावर सहा जणी. त्यातल्या तिघी बारावीपर्यंत मराठीतूनच विचार करत आलेल्या. आमची एक सिनियर ताई समुद्राकाठच्या भुयाराची मोहीम चालवत होती. तिचं इंग्रजी उत्तम, चौकटी वाचायचीही झोकात. पण या तिघी दोन शनिवार गप्प. फासा टाक म्हटलं की टाकायच्या, आकडा सांगायच्या, जणू प्रॅक्टिकलला रीडिंग देताहेत. तिसऱ्या शनिवारी पावसात लाइट गेली. मोबाइलचा टॉर्च नकाशावर धरलेला, पुस्तक अंधारात. ताईने पुढची खोली आठवेल तशी सांगितली. "सुकटीसारखा वास येतोय. पाणी घोट्यापर्यंत आहे, आणि गार आहे." एवढंच. त्या तिघींतली गुहागरकडची एक ताडकन म्हणाली, "ताई, भरती आहे का ओहोटी ते आधी सांग." मोहिमेच्या लेखकाने भरतीचा विचारच केलेला नव्हता! ताईने फासा टाकून ठरवलं, भरती. मग आत किती वेळ थांबायचं, बाहेर कधी पडायचं, दोर कुठे बांधायचा, सगळं त्या मुलीने ठरवलं. बाकीच्या तिच्या मागून गेल्या.

तेव्हापासून कुठलीही मोहीम हातात आली की मी मधलीच एखादी खोली उघडते, एकदा वाचते, पुस्तक मिटते आणि ती तीन वाक्यांत मराठीत सांगून बघते. वास, आवाज, पाणी, माणूस असं काही हाताला लागलं तर मोहीम पास. आठशे वर्षांपूर्वीच्या राजघराण्याच्या भानगडीच आठवल्या तर नापास. त्या भानगडी खेळाडूंना कधी कळतच नाहीत, त्या फक्त विकत घेणाऱ्याला वाचायला असतात.

दुसरी तपासणी गणिताची. समजा मोहिमेत लिहिलंय की गुप्त दार सापडायला बेरीज १५ किंवा जास्त हवी, आणि पात्राचे वरचे गुण २. म्हणजे फाशावर १३ ते २० यांतलं काहीही पडायला हवं. वीसपैकी आठ आकडे, ४० टक्के. पाच जणींनी स्वतंत्रपणे शोधलं तर पाचही जणी चुकण्याची शक्यता ०.६ चा पाचवा घात, म्हणजे जेमतेम ८ टक्के. दार ९२ टक्के वेळा सापडणार. पण प्रयत्न एकीनेच, एकदाच करायचा असेल, आणि पुढची सगळी मोहीम त्या दारापलीकडे असेल, तर दहातल्या सहा रात्री तिथेच आटोपल्या. अशी दोन दारं एकापुढे एक असली तर ०.४ गुणिले ०.४, फक्त १६ टक्के. सिरीज आणि पॅरलल, दुसरं काही नाही. जस्टिन अलेक्झांडर या अमेरिकन लेखकाने २००८ साली यावर एक नियम मांडला: खेळाडूंना जे कळायलाच हवं त्याचे निदान तीन धागे पेरा. पेन्सिल घेऊन मोहिमेत असे धागे मोजता येतात. पंधरा मिनिटांचं काम आहे.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०१४ च्या स्टार्टर सेटमधली 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर'. सुरुवातीलाच गॉब्लिन रस्त्यात घात करतात, आणि नवख्या खेळाडू तिथे सहज आडव्या होऊ शकतात. लेखकांना ते ठाऊक होतं. गॉब्लिन जिंकले तर ते पात्रांना बेशुद्ध सोडून माल लुटून नेतात आणि गोष्ट चालू राहते, अशी सोय पुस्तकातच आहे. वळायला जागा ठेवलेली आहे.

नकाशाला हेच लागू. जेनेल जॅक्वेज यांची १९७९ सालची 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' अजून नावाजली जाते ती चित्रांसाठी नाही. आत जायच्या वाटा अनेक, आणि आतल्या वाटा फिरून एकमेकींना मिळतात. खोली एक, मग दोन, मग तीन अशी आगगाडी असेल तर खेळाडूंना ठरवायला उरतं काय? पटत नसेल तर हर्णैच्या किनाऱ्यावर उभं राहून समोर बघा. सुवर्णदुर्गाला किनाऱ्याकडे तोंड केलेला मुख्य दरवाजा आहे, मागे समुद्राकडे चोरदिंडी आहे. आपण उभे आहोत त्या बाजूला कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. तुळाजी आंग्र्यांकडचा हा किल्ला १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सच्या आरमाराने पेशव्यांच्या साथीने घेतला. जमिनीवरून तोफा डागायच्या, होडीने जायचं, का रात्री मागून शिरायचं? नुसत्या जागेनेच तीन प्रश्न दिले. चांगल्या मोहिमेची जागा अशी असते.

जुन्या मोहिमा तपासताना त्या कशासाठी लिहिल्या होत्या ते बघावं. 'टूम ऑफ हॉरर्स' ही १९७५ च्या ओरिजिन्स मेळाव्यातल्या स्पर्धेसाठी लिहिलेली. मुरलेल्या खेळाडूंना मारणं हेच तिचं काम, आणि ते ती चोख करते. नवख्यांच्या टेबलावर तिला आणून मग 'फार क्रूर आहे' म्हणण्यात अर्थ नाही. 'कीप ऑन द बॉर्डरलँड्स' मात्र आजही नवशिक्या सूत्रधाराला द्यावी. तिच्यातल्या गढीतल्या माणसांना नावंसुद्धा दिलेली नाहीत. कोणी याला उणीव म्हणेल, मी सोय म्हणते. आमच्या गढीचा सरदार खोत झाला आणि सराईवाली काकू. शिवाय खऱ्याखोट्या अफवांचा तक्ता आहे. कोकणात तो फार समजावून सांगावा लागत नाही.

पुरवण्यांबद्दल थोडक्यात. १९७७ च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस आहे. चित्रात त्याला वाघाचं डोकं आहे, अंगात साहेबी कोट आहे आणि तो पाइप ओढतो. १९८० च्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स'मध्ये इंद्र, अग्नी वगैरेंना चक्क हिट पॉइंट दिलेले आहेत. दोन्ही वाचून आम्ही पोट धरून हसलो. पण टेबलावर कामाचं कोणतं? पाइपवाला राक्षस! तो गोड बोलतो, वेषांतर करतो, फसवतो. इंद्राचे हिट पॉइंट घेऊन आमची तिसऱ्या पातळीवरची पात्रं काय करणार? तेव्हा पुरवणीची कसोटी एवढीच, की यातली किती पानं येत्या चार शनिवारांत टेबलावर येतील. दहा येत असतील तर दहा पानांची किंमत मनात धरा आणि मग छापील किंमत बघा. आपल्या बाजूचं काही हवं असेल तर २०२२ च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल'मध्ये मिमी मंडल या बंगाली लेखिकेची नदीकाठच्या मुलखातली मोहीम आहे. ती मराठीत सांगताना अडखळायला होत नाही. नियमांचा गाभा तर जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट आहे. त्यामुळे वर्गणी जमलीच तर आधी मोहीम घ्यावी, पुरवणी मागून.

सध्या आम्ही स्वतःच एक मोहीम रचतोय, पन्हाळेकाजीच्या लेण्यांवर. कोटजाईच्या काठी २९ लेणी, आधी बौद्ध, मागाहून नाथपंथी. एकाच जागी थरावर थर राहणारे कोण आणि का, हे ठरवताना मोहीमलेखकांचं डोकं पिकतं, इथे ते आयतं मिळालं. नकाशा काढून झाला. मृद व जलसंधारणवाल्या मैत्रिणीने पावसागणिक नदी किती चढेल याचा तक्ता केलाय, आणि गुहागरवालीने तो दोनदा खोडून दुरुस्त केलाय. शेवटच्या लेण्यापर्यंत पोचवणारे धागे मात्र अजून दोनच आहेत. तिसरा कोणाला सुचला तर शनिवारी नऊनंतर कॉमन रूममध्ये येऊन सांगावा.