मोजलेले आणि न मोजलेले : कुंभकोणमचा धडा

कोणताही समाजोपयोगी कार्यक्रम हे मुळात एक अनुमान असते. अमुक साधने अमुक रीतीने वापरली असता अमुक परिणाम घडून येईल, अशा कार्यकारणांच्या साखळीवर तो उभा असतो. ही साखळी स्पष्टपणे मांडणे म्हणजे कार्यक्रमाची आखणी. आणि तिची प्रत्येक कडी प्रत्यक्षात जुळली की नाही हे तपासणे म्हणजे मूल्यमापन. तामिळनाडूतील शालेय भोजनाच्या योजनेवरून ही गोष्ट चांगली समजते.

त्या वेळच्या मद्रास राज्यात के. कामराज मुख्यमंत्री असताना, १९५६ साली, प्राथमिक शाळांतील गरीब मुलांना दुपारचे जेवण देण्यास आरंभ झाला. पुढे एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत १ जुलै १९८२ पासून या कल्पनेला फार मोठे रूप मिळाले. प्रथम ग्रामीण भागात, मग शहरांत, आणि १९८४ पासून वरच्या वर्गांतील मुलांपर्यंत ही योजना पोहोचली. तिची साखळी अशी होती : धान्य, इंधन आणि स्वयंपाकी ही साधने, अन्न शिजविणे व वाढणे ही कृती, जेवलेल्या मुलांची संख्या ही निष्पत्ती, आणि भूक शमून मूल शाळेत टिकणे व सुदृढ होणे हा परिणाम.

निष्पत्ती आणि परिणाम या दोहोंत वाचकाने भेद केला पाहिजे. पाने किती वाढली हे रोज संध्याकाळी मोजता येते. मूल त्या जेवणामुळे सुदृढ झाले काय, हे मात्र नुसत्या मोजणीने कळत नाही. कारण पीकपाणी सुधारल्याने किंवा बापाची मजुरी वाढल्यानेही ते सुदृढ झालेले असू शकते. म्हणून तुलना करावी लागते. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात अशी तुलना केली. ३९ गावांत, गावातल्याच स्त्रियांना शिकवून, नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्यात आली; इतर ४७ गावे केवळ तुलनेसाठी निवडली होती. दोन्हींकडील जन्म आणि मृत्यू सारख्याच दक्षतेने नोंदविल्यामुळे, नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला तो या उपचारांमुळेच, असे म्हणता आले.

परंतु हेतू साधला की नाही, एवढेच विचारून मूल्यमापन पुरे होत नाही. कार्यक्रमामुळे जे घडावे असे कोणाच्याही मनात नव्हते, तेही पाहावे लागते. याचा दारुण धडा कुंभकोणमने दिला.

कावेरी आणि अरसलार या नद्यांमधील हे देवळांचे गाव तंजावर जिल्ह्यात आहे. मराठी वाचकाला ते परके नाही. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म तेथील मराठी घराण्यात झाला होता. या गावातील एका अनुदानित शाळेत १६ जुलै २००४ रोजी सकाळी दुपारचे जेवण शिजत असता स्वयंपाकघराचे शाकारलेले छप्पर पेटले. आग वरच्या मजल्यावरील वर्गांच्या तशाच छपरापर्यंत गेली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा दाटीने भरत होत्या आणि खाली येण्याचा जिना अरुंद होता. ९४ मुले मृत्युमुखी पडली.

दोषी कोण, हे ठरविणे न्यायालयाचे काम; ते यथाकाल झाले. अभ्यासकाचा प्रश्न निराळा आहे : ज्या योजनेतील प्रत्येक पान मोजले जाते, तिच्यात चुलीपासून छपरापर्यंतचे अंतर का मोजले गेले नाही? भोजनाच्या वहीत तांदूळ, डाळ आणि मुले यांची नोंद असते. शिक्षणखात्याच्या तपासणीत पट आणि शिक्षक यांची संख्या असते. इमारतीचा परवाना तिसऱ्याच कचेरीत असतो. या तिन्ही वह्या बिनचूक असल्या, तरी त्यांच्या मधल्या जागेत काय आहे हे कोणालाच दिसत नाही. आणि जे कोणत्याच रकान्यात नाही, ते अस्तित्वातच नाही असे समजण्याची कारभाराची सवय असते.

यावरून शाळेत अन्न शिजवू नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. भुकेल्या मुलाला जेवण मिळालेच पाहिजे. चूक साखळीत नव्हती. ती अपुरी मांडली होती, ही चूक होती. ‘अन्न शिजविणे’ या सहा अक्षरांच्या कडीत अग्नी, धूर, छप्पर, जिना आणि शेजारचा वर्ग हे सारे दडलेले होते.

त्यानंतर तामिळनाडूत शाळांची शाकारलेली छपरे काढण्याचे आदेश निघाले. सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ च्या निर्णयात, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे असे सांगून अग्निशामक साधने व प्रशिक्षण यांविषयी निर्देश दिले. त्याच वर्षीच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील स्वयंपाकघराचा आवश्यक सोयींत समावेश केला.

तथापि नियम हेसुद्धा एक साधनच होय. तो परिणाम नव्हे. बरोबर नऊ वर्षांनी, १६ जुलै २०१३ रोजी, बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेच्या जेवणात कीटकनाशक मिसळले गेल्याने २३ मुले दगावली. धोका तोच नव्हता. पण पाहावयाची जागा तीच होती — मुलाच्या पानात पडण्यापूर्वी अन्न जेथून जाते ती जागा. तेव्हा कोणत्याही कार्यक्रमाचा अहवाल हाती आला, की त्यात काय मोजले आहे हे पाहून झाल्यावर काय मोजलेले नाही हेही विचारावे. आणि ते कागदावर न शोधता प्रत्यक्ष जागेवर जाऊन शोधावे.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील एखादी योजना घेऊन तिची साधने, कृती, निष्पत्ती आणि परिणाम वेगवेगळे लिहून काढा.

२. तिचा परिणाम पडताळण्यासाठी तुलना कोणाशी कराल?

३. जवळच्या शाळेचे स्वयंपाकघर पाहा. तेथील कोणती गोष्ट कोणत्याही नोंदवहीत येत नाही?