चढणीचे मासे आणि त्यांची पिल्ले

आपल्या कोकणात मृगाचा पाऊस जोरात लागला की सगळे म्हणतात, "वलगण आली!" मग रात्री बत्ती घेऊन माणसे वहाळावर जातात. माझे आजोबा पण जातात. मासे त्याच वेळी का चढतात, असे मी गुरुजींना विचारले.

उन्हाळ्यात मासे नदीच्या डोहात राहतात. जूनमध्ये नदीला नवे, गढूळ पाणी येते. ते थंड असते आणि जोरात वाहते. तेव्हा माशांना अंडी घालायची वेळ झाल्याचे कळते. खवली, शिंगटी, मरळ असे मासे वहाळातून भाताच्या खाचरात चढतात. खाचरात पाणी उथळ असते, बारीक किडे व शेवाळ पुष्कळ असते. म्हणून पिल्लांना ती जागा चांगली. पुष्कळ माशांची अंडी एक-दोन दिवसांतच फुटतात. मरळ तर पिल्लांची राखण करते. पिल्ले डासांच्या अळ्या खातात, हा आपलाही फायदा आहे.

युरोपात ट्राउट नावाचा मासा असतो. त्याची काही पिल्ले १ ते ३ वर्षे नदीत राहून मग एप्रिल-मे महिन्यांत समुद्राकडे जातात. आपल्या खाचरातल्या पिल्लांना एवढा वेळ नसतो. भाद्रपद-आश्विनात पाणी उतरते, तेव्हाच त्यांना नदीत परत जावे लागते. उशीर झाला की ती अडकतात.

गेल्या वर्षी बाबांनी कापणीआधी बांध फोडून पाणी सोडले. कोपऱ्यातल्या खळग्यात बोटाएवढी पिल्ले राहिली. बगळे टपूनच बसले होते. मी आणि ताईने तांब्याने पिल्ले बालदीत भरली आणि वहाळात सोडली. १४० पर्यंत मोजली, मग मोजायचे सोडून दिले.

वलगणीच्या माशांत गाभोळी असते. ती मला पण फार आवडते. पण एका माशाच्या पोटात हजारो अंडी असू शकतात. आजोबा म्हणतात, "पूर्वी टोपली भरायची, आता कालवणापुरते मिळतात." मी म्हटले, "आजोबा, चढणारे सगळे धरले तर उतरणार कोण?" आजोबा आधी हसले, मग गप्प बसले. यंदा त्यांनी अर्ध्याच वहाळाला जाळे लावले.

मित्रांनो, तुम्ही पण घरी सांगा. चढताना माशांना वाट ठेवा आणि उतरताना पिल्ले अडकली तर वहाळात सोडा.