खोल पाणी थंडच असते का?

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी पोहण्याच्या तलावावर गेलात, तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. लहान मुलांच्या गुडघाभर हौदातले पाणी कोमट लागते. शेजारच्या पुरुषभर खोल तलावात उतरावे, तर अंगावर शहारा येतो. दोन्हींवर ऊन तेच आणि वाराही तोच. मग हा फरक कशामुळे?

थोडा हिशेब करू. महाराष्ट्रात एप्रिलमधल्या निरभ्र दिवशी १ चौरस मीटर जागेवर सूर्याकडून सुमारे ६००० किलोकॅलरी उष्णता येते. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास १ किलोकॅलरी उष्णता लागते, हे तुम्ही शिकला आहातच. तलाव १ मीटर खोल असेल, तर दर चौरस मीटरखाली १००० किलोग्रॅम पाणी असते. सारी उष्णता पाण्यातच राहिली असे समजा. मग तापमान ६ अंशांनी वाढेल. खोली २ मीटर असेल तर वाढ ३ अंश, आणि अर्धा मीटर असेल तर १२ अंश!

पण ही झाली फक्त जमेची बाजू. खर्चही पाहिला पाहिजे. पाण्याच्या पृष्ठभागावरून सतत वाफ होते. १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. दिवसात ६ मिलिमीटर पाणी उडून गेले, तर दर चौरस मीटरमागे ६ किलोग्रॅम पाणी जाते, म्हणजे जवळजवळ ३५०० किलोकॅलरी. जमेतला निम्म्याहून अधिक भाग असा उडून जातो! शिवाय पृष्ठभागावरून उष्णता हवेत आणि आकाशाकडेही जाते. पाणी जितके तापते, तितका हा खर्च वाढतो. म्हणून उथळ हौदाचे पाणी प्रत्यक्षात १२ अंशांनी तापत नाही.

रात्री काय होते? जमा बंद पडते, खर्च मात्र चालूच राहतो. उथळ हौदातली शिल्लक थोड्या पाण्यात साठलेली असल्याने तो झपाट्याने निवतो. खोल तलाव मात्र सावकाश निवतो. त्यामुळे पहाटे खोल तलावच अधिक उबदार असू शकतो! म्हणजे खोली पाण्याला थंड करत नाही. ती तापमानातला चढ-उतार कमी करते.

आता आणखी एक गोष्ट. चुलीवरचे पातेले खालून तापते. खालचे गरम पाणी हलके होऊन वर येते आणि सारे पाणी ढवळले जाते. तलाव मात्र वरून तापतो. सूर्याच्या उष्णतेचा मोठा भाग वरच्या थरातच शोषला जातो. ३० अंशांचे १ लिटर पाणी २५ अंशांच्या १ लिटर पाण्यापेक्षा सुमारे १.४ ग्रॅमने हलके असते. फरक एवढासाच, पण गरम थर वर तरंगत ठेवायला तो पुरतो. पोहण्याच्या तलावात गाळणीचा पंप चालू असला, तर थर मिसळतात. विहिरीत पंप नसला की दुपारी वर कोमट व खाली गार अशी स्थिती सहज होते.

म्हणून वरच्या पाण्यात हात घालून खालच्या पाण्याचा अंदाज बांधू नका. एकदम गार पाण्यात शिरल्यावर माणूस नकळत मोठा श्वास घेतो. डोके पाण्याखाली असताना असे झाले, तर पाणी नाकातोंडात जाऊन जीव धोक्यात येतो. अनोळखी खोल पाण्यात उडी मारू नये. जाणत्या मोठ्या माणसाबरोबर, पायऱ्यांवरून, हळूहळू उतरावे.

करून पाहा : एकाच रंगाची प्लॅस्टिकची बादली व घमेले घ्या. बादली काठोकाठ भरा, घमेल्यात ५ सेंटिमीटर पाणी घ्या. बाजूंनी ऊन लागू नये म्हणून दोन्हींभोवती गोणपाट गुंडाळा आणि सकाळी ८ वाजता उघड्या उन्हात ठेवा. दर २ तासांनी तापमान नोंदवा. प्रयोगशाळेतला तापमापक वापरा, तापाचा नव्हे! प्रत्येक वेळी आधी बादलीच्या वरच्या व तळाच्या पाण्याचे तापमान घ्या, मग दोन्ही भांड्यांतले पाणी ढवळून पुन्हा घ्या. शेवटची नोंद दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी करा आणि आलेख काढा.

विचार करा : दोन्ही भांड्यांचे आलेख एकमेकांना कधी छेदतात? बादलीवर रात्री झाकण ठेवले, तर तिचा आलेख कसा बदलेल?